आरोप भोंग्यावर, कबुली कानात

अन्याय झाला तो आमच्या पाड्यावरच्या अंगणवाडीच्या मदतनीस मावशीवर. केव्हा झाला, तर भाताची लावणी उरकली त्या आठवड्यात, खोडाळ्याच्या बाजाराच्या दिवशी, सकाळी सव्वाअकरा वाजता. कुठे, तर सुक्या मासळीच्या रांगेच्या टोकाला, जिथून भोंगा लावला की भाजीवाल्यांपासून जीपच्या थांब्यापर्यंत सगळ्यांना ऐकू जातं. कोणी केला, हे आमच्या पत्रकात नेहमी तिसऱ्या ओळीत ठळक अक्षरात यायचं. शिस्तच होती तशी. पहिल्या दोन ओळींत वाचणाऱ्याचं रक्त तापलं पाहिजे आणि तिसरीत त्याला बोट दाखवायला जागा मिळाली पाहिजे.

तर तिसरी ओळ. अन्याय मी केला.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि माझं कधीच चुकत नसे. आदिवासींच्या हक्कांसाठी लढणाऱ्या आमच्या संघटनेच्या शिबिरात पत्रक लिहायला शिकले होते. भाषा सोपी, वाक्य छोटं, शत्रू एक. हे इतकं छान जमायला लागलं की मला माणसं दिसायचीच बंद झाली, मथळे दिसायला लागले. समोर म्हातारा खोकत असला तरी मी मनात त्याच्यावर शीर्षक घालत असे.

घरचं सांगायचं तर माझे आईबाप लग्नानंतर ख्रिस्ती झाले. त्यामुळे गावाच्या लेखी आम्ही बाटलेले, वसईकडून येणाऱ्या ख्रिस्ती पाहुण्यांच्या लेखी बिचारे आदिवासी, आणि कचेरीच्या लेखी अर्जदार. तिन्हीकडे उभंच ठेवतात. मी त्यातल्या त्यात अर्जदार होणं पसंत केलं, कारण तिथे निदान पोच मिळते.

सकाळी प्रार्थना करायची सवय आईची. ती चुलीपुढे बसून, फुंकणी बाजूला ठेवून म्हणायची, "बापा, आज बाहेर जातात तेवढे घरी येऊ देत." बस्स, एवढंच. मला ते फार मागास वाटायचं. मागण्या स्पष्ट नाहीत, मुदत नाही, तीव्र आंदोलनाचा इशारा नाही. माझी प्रार्थना मात्र मुद्देसूद असे. एक, रोजगार हमीची कामं तातडीने सुरू करावीत. दोन, वांगणीच्या रस्त्यावर माती टाकून त्याला डांबर म्हणणाऱ्या ठेकेदाराला सद्बुद्धी द्यावी, न दिल्यास कंबरदुखी द्यावी. तीन, अमुक साहेबांची बदली करावी. पवित्र मरियेला प्रत माहितीसाठी जायचीच.

मिशनमधल्या सिस्टरनी एकदा आम्हा तरुणांना बसवून सांगितलं होतं, की देवाशी मैत्री करा, रोज थोडा वेळ नुसतं त्याच्यासोबत बसा. मी ते लगेच अमलात आणलं. मैत्री म्हणजे माझ्या मते असं, की मी बोलणार आणि समोरचा मान डोलावणार. संघटनेत माझे असे मित्र बरेच होते. त्यांत देवाची भर पडली.

मावशीच्या घरी मी गेले ती पाणी प्यायला. पावसाची सर थांबेना, म्हणून टेकले. मावशी विधवा, एकटी, पन्नाशी ओलांडलेली. अंगणवाडीत झाडणं, खिचडी रांधणं, लेकरांची नाकं पुसणं आणि आलेली आहाराची पाकिटं सांभाळणं हे तिचं काम. तिने माझ्या हातावर नागलीची अर्धी भाकर ठेवली आणि कोऱ्या चहाचं पातेलं चुलीवर चढवायला वाकली. मी वर पाहिलं. चुलीच्या वरच्या माळ्यावर अंगणवाडीच्या पाकिटांची थप्पी, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली. मी फोन काढला. फोटोत मावशीची वाकलेली पाठ आली आणि तिच्या डोक्यावर पाकिटं. भाकरीचा घास माझ्या तोंडात होता. हे मी पत्रकात लिहिलं नाही, जागा कमी होती.

मथळा दिला, 'लेकरांचा घास कोणाच्या माळ्यावर?' बाजारात वाचला तेव्हा माझा आवाज असा लागला होता की सुकी मासळी विकणारी आजीसुद्धा तोलायचं थांबली. पाड्याचं नाव घेतलं, काम सांगितलं. मावशीचं नाव घेतलं नाही, कारण आम्ही तत्त्वाचे लोक, व्यक्तिगत टीका करत नाही. आमच्या पाड्यावर अंगणवाडी एक आणि तिला मदतनीस एक. एवढा हिशोब बाजाराला येतो. पत्रकाची एक प्रत फोटोसकट कार्यालयात तक्रार म्हणूनही दिली.

एरवी कुपोषणावर बैठक मागितली की सहा महिने तारीख न देणारं वरचं कार्यालय एका मदतनीस बाईला घरी बसवायला मात्र चार दिवसांत जागं झालं. चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नये, असा कागद आला. मला तेव्हा कार्यालय अतिशय कार्यक्षम वाटलं. संघटनेत टाळ्या पडल्या. फोटो मी संघटनेच्या मोबाइलवरच्या गटावर टाकला होता, तो या गटातून त्या गटात गेला, ठाण्या-मुंबईला मजुरीला गेलेल्या पोरांनी खाली हिंदीत शिव्या जोडून परत पाठवला. दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेत मी देवाचे आभार मानले. त्याने यात काहीही केलेलं नव्हतं, पण मी मोठ्या मनाने श्रेय वाटून घेतलं.

गणपतीच्या दिवसांत अंगणवाडीच्या सेविकाताईंनी मला हाक मारली. ताई शांत बाई, भांडण नको म्हणून दोन घरं वळसा घालून जाणारी. त्या दिवशी वळसा घातला नाही.

"घे, काढ फोटो," त्या म्हणाल्या आणि खोलीच्या कोपऱ्यातलं गोणपाट उचललं.

खाली पाकिटं होती. कागद फुगलेला, आत हिरवी बुरशी. वरच्या पत्र्यातून पाणी ठिबकत होतं, अगदी नेम धरून.

"हे काय, ताई?"

"लेकरांचा घास. आता सरकारी जागेत हाय. नियमात बसवलाय."

"पण असं भिजत..."

"मग कुठं ठेवू? मावशी घरी न्यायची. तिच्या माळ्याला चुलीचा धूर लागतो. ओल चढत नाय, उंदीर फिरकत नाय. दर दोन दिवसांनी टोपलीत घालून आणायची, पोरांसमोर फोडायची. चार पावसाळे केलं तिनं. आता ती नाय. या महिन्याला वाटप नाय. तुझ्या भोंग्यात ठेवायची का पाकिटं?"

मी गोणपाट परत पाकिटांवर ओढलं. ताईंना ते पुरलं नाही.

"तुझी आय नागलीचं बियाणं कुठं ठेवते गं?"

चुलीवरच्या माळ्यावर. तिथेच दुधी, तिथेच मक्याची कणसं, तिथेच माझं दहावीचं प्रमाणपत्र, पावसाळाभर. मी त्या धुराखाली वाढले. आमच्या सगळ्या डोंगरात जे जपायचं ते चुलीच्या वर जातं, हे इथल्या शेंबड्या पोराला कळतं. मी शिबिरात 'साठेबाजी' हा शब्द शिकले आणि माळा विसरले. पुण्याहून आलेल्या पाहुण्याने ही चूक केली असती तर मी त्याच्यावर पत्रक काढलं असतं.

"आणि पत्र्याचा अर्ज तर तुझ्याकडंच दिलेला," ताई म्हणाल्या. "होळीच्या आधी. माझी सही, मावशीचा अंगठा. तू म्हणालीस, बघते."

घरी येऊन पिशवी उपसली. अर्ज होता. घडी घातलेला, एका मोर्चाच्या घोषणांच्या यादीमागे. अंगणवाडीचे पत्रे गळतात, त्यामुळे आहार मदतनीस यांच्या घरी ठेवावा लागतो, तरी पत्रे मिळावेत. स्वच्छ मराठीत लिहिलं होतं. मी वाचलाही असणार. गळका पत्रा हा फार लहान मुद्दा वाटला असेल, त्यावर कोण मोर्चाला येतं. 'बघते' हा शब्द बाबू लोकांच्या तोंडून ऐकून त्यावर मी आजवर दोन पत्रकं लिहिली होती.

इथे एखादी भाविक मुलगी गुडघ्यावर कोसळली असती. मी काय केलं, तर फोनमधून फोटो पुसला. मग शिस्तीत सकाळची प्रार्थना चालू ठेवली. हे नीट लक्षात घ्या, कारण प्रार्थना सोडली असती तर त्यात थोडी तरी लाज दिसली असती. मी रोज बसत होते. रस्ता, टँकर, रोजगार, सगळे विषय घेत होते. फक्त मावशीचा विषय पटलावर येऊ देत नव्हते. सभा चालवायची मला सवय होती.

मग एका सकाळी मुद्दे संपले आणि उठता येईना. दृष्टांत वगैरे काही नाही, आमच्या घराला तेवढी उंची नाही. आई भाकरी थापत होती, कोंबडी दारात नखं घासत होती. पण असं वाटलं, की शेजारी कोणीतरी बसलेलं आहे, त्याला तो अर्ज ठाऊक आहे, तोंडातला घास ठाऊक आहे, आणि तरी तो उठून गेलेला नाही. मान डोलावत नव्हता. जातही नव्हता. माझ्या ओळखीत असा मित्र नव्हता, आणि खरं सांगते, मला तो आवडला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी प्रार्थनेला बसताना घाबरले.

संघटनेतल्या आमच्या मोठ्या दादांना सांगितलं. दादांनी विडी विझवली.

"चूक झाली असेल. मी नाही म्हणत नाही. पण आता माघार घेतलीस तर कार्यालय उद्या प्रत्येक तक्रारीवर हेच तोंडावर मारेल."

"पण दादा, ती घरी बसलीय."

"तिला लावू की कुठेतरी."

"कुठे?"

"बघू. आणि त्यात तू ख्रिस्ती. आधीच कुजबुज आहे, आमच्या बाईला मुद्दाम धरलं म्हणून. कबूल केलंस तर म्हणतील, बघा, खरंच होतं."

दादांचा मुद्दा बिनतोड होता. न्यायाच्या लढाईसाठी एका बाईने चोर राहायला काय हरकत आहे, असा एकूण मुद्दा. मला तो दोन आठवडे पुरला.

मग मला कन्फेशनची, म्हणजे फादरच्या कानात पाप कबूल करायची आठवण झाली. इतका सोयीचा मार्ग आपल्याच धर्मात असताना मी वणवण का करत होते, कळेना. तोंडी काम, कागद नाही, साक्षीदार नाही, ऐकणाऱ्याला कोणाला सांगायची बंदी. फादर महिन्यातून एकदा मोटारसायकलवर मिस्साला, म्हणजे उपासनेला येत. प्रार्थनेची खोली लहान, म्हणून बाहेर मोहाच्या झाडाखाली प्लॅस्टिकची खुर्ची टाकून, रांगेकडे पाठ करून बसत. बुटांपासून गुडघ्यापर्यंत चिखल. मी पुढे जाऊन गुडघे टेकले आणि सुरुवात केली.

म्हटलं, फादर, मी फार रागावते. गरिबांवरचा अन्याय मला सहन होत नाही. कार्यालय झोपलेलं, ठेकेदार चोर, सरपंच मिंधा. लेकरं उपाशी, आणि पत्रे गळतात. या सगळ्यात एखाद्या साध्या बाईचा बळी जातो, आणि व्यवस्था तिला...

फादरनी बोटाने थांबवलं. "हे भाषण झालं."

"फादर?"

"चांगलं आहे. पण इथे फक्त तुझी पापं घेतो. कार्यालयाची पापं घ्यायची तर त्यांना यावं लागेल. ते येत नाहीत."

मागे रांगेत कोणीतरी खाकरलं. मी परत सुरुवात केली. माझ्याकडून अनवधानाने एका बाईबद्दल गैरसमज पसरला.

"पसरला? वाऱ्याने?"

मग सांगितलं. भाकर, फोटो, भोंगा. इतकं सांगून थांबले. फादर तसंच बसून राहिले, आणि मला ती सकाळ आठवली, चुलीजवळची. म्हणून अर्जाचंही सांगितलं. की मावशीने पत्रे मागितले होते, माझ्याचकडे, आणि मी ते बघितलं नाही, आणि त्या न बघण्यामुळे पाकिटं जिथे गेली तिथेच मी फोटो काढला. हे वाक्य आजवर मी स्वतःशीसुद्धा पूर्ण केलं नव्हतं. ते छोटं नव्हतं, सोपं नव्हतं, आणि त्यात शत्रू मीच निघाले.

"तिला भेटलीस?"

"नाही. मी देवाची माफी मागायला..."

"देव देईल. तो लगेच देतो, तीच त्याची अडचण आहे. पण तिची भाकर खाल्लीस ना, तिच्याकडे आधी जा. कसं भरून काढायचं ते तिलाच विचार. तू ठरवू नकोस, तू फार ठरवतेस. मग ये. मी महिन्याने इथेच आहे."

प्रायश्चित्त म्हणून दहा प्रभूची प्रार्थना म्हणायला सांगतील अशी माझी अपेक्षा होती. मी वीसही म्हटल्या असत्या.

मावशी बांधावर गवत कापत होती. मी तिच्यामागे उभी राहिले. तिने पाहिलं आणि कापत राहिली.

"मावशी, मला माफ कर."

"कशाबद्दल?"

तिला ठाऊक होतं. तरी माझ्याकडून सगळं वदवलं, घास तोंडात होता इथपर्यंत. विळा एकदाही थांबला नाही.

"तुमच्यात म्हणं त्या बाबाच्या कानात सांगितलं का सुटतं," ती म्हणाली.

"सुटलं नाही. त्यांनी तुझ्याकडे पाठवलं."

"बरा हाय मंग तुमचा बाबा." तिने पेंढी बांधली. "पण माझ्या कानात कशाला सांगतेस? मला म्हायती हाय मी चोर नाय. ज्यांना म्हायती नाय त्यांना सांग."

"सांगते. घरोघर जाऊन..."

"घरोघर नाय. चोर म्हणताना घरोघर गेली होतीस? भोंगा होता. तोच आण. मी येईन ऐकायला."

दादा म्हणाले, संघटनेचा भोंगा मिळणार नाही. तो मी घेतलाच, किल्ली माझ्याकडे असायची. हे पाप मी पुढच्या महिन्यात सांगितलं. फादर म्हणाले, परत ठेवलास ना, मग पुढचं सांग.

दिवाळीनंतरच्या बाजाराच्या दिवशी मी त्याच जागी उभी राहिले. मावशी समोर मिठाच्या गोणीवर बसली, पदर सारखा करून, जशी कोणाच्या लग्नाला आलीय. मी वाचायला लागले. कोणावर, केव्हा, कोणी. माझाच साचा माझ्याच मानेवर इतका नीट बसेल असं वाटलं नव्हतं.

"मागल्या टायमाला जोरात होतीस," मासळीवाली आजी म्हणाली. "आता घसा बसला का?"

आवाज वाढवला. एकजण हसून म्हणाला, "म्हणजे चौकीदारच चोर निघाली की रं." लोक हसले. मी पुढे वाचलं. संपलं असं वाटून खाली उतरणार, तर मावशी गोणीवरून म्हणाली, "पत्र्याचं राहिलं."

पत्र्याचं मी गाळलं होतं. तोंडाने सांगून आले होते मावशीला, फादरला, आणि तरी कागदावर ते गाळलं होतं. पिशवीतून अर्ज काढून तो शब्दन् शब्द वाचला, तिच्या अंगठ्यासकट. मावशीने मग अर्धा किलो मीठ आणि थोडे बोंबील घेतले आणि जीपमध्ये जाऊन बसली. माफ केलं असं म्हणाली नाही. अजूनही म्हणालेली नाही. मी विचारलेलंही नाही.

तक्रार चुकीची होती असं लिहून कार्यालयात दिलं, तर तिथल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. तक्रार मागे घ्यायचा नमुना नाही म्हणाल्या, कारण कोणी घेत नाही. फेऱ्या मारल्या. संक्रांतीच्या सुमारास मावशी परत कामावर आली. पत्रे यायचे आहेत. पाकिटं माळ्यावर आहेत, आणि ताईंनी अंगणवाडीच्या दारावर तसं लिहून लावलंय, बघायचं त्याने जाऊन बघावं.

फादरनी मला क्षमा दिली, दोन मिनिटांत, मोहाखाली. मी रडले नाही. हलकंही वाटलं नाही लगेच. पण सकाळी बसते तेव्हा आता मुद्दे कमी असतात. पत्रक छापायला जायच्या आधी त्या शेजारी बसणाऱ्यापुढे ठेवते, आणि गप्प राहते, आणि कधीकधी ते पत्रक छापायला जात नाही. दादा म्हणतात, तुझी धार गेली. असेल. आईने काही विचारलं नाही, नुसता चहाचा कप माझ्या बाजूला ठेवायला लागली.

पण एक काम माझ्या हातचं नाही, म्हणून हे लिहितेय. दिवाळी झाली आणि आमचे पाडे रिकामे झाले. माझा आरोप ऐकलेली निम्मी माणसं भिवंडीकडे, वसईकडे वीटभट्ट्यांवर गेली, आणि माझी कबुली ऐकायला बाजारात नव्हती. फोटो त्यांच्याबरोबर गेला. मागच्या महिन्यात तो मला परत आला, शहरातल्या कोणा अनोळखी माणसाकडून, खाली लिहिलेलं, 'बघा या लोकांची लायकी'. मावशीची भाची तिकडे कामाला असते. तिला मुकादमाने तो दाखवला आणि विचारलं, ही तुमच्याकडची का? मी माझ्याकडून पुसला म्हणून जगातून पुसला जात नाही, एवढं गणित मला आता येतं.

तेव्हा फोन काढा. चुलीपुढे वाकलेली एक बाई, वर धुराने काळा माळा, त्यावर पाकिटं. तुमच्याकडे असेल तर नुसता पुसू नका, ते मीही केलं होतं. ज्याला ज्याला पुढे पाठवलात त्याला फोन लावा आणि सांगा, ही बाई चोर नाही, हिने लेकरांचं अन्न जपलं. त्यांनी कोणाला पाठवला ते विचारा आणि त्यांनाही सांगायला लावा. आणि हा फोटो नसेल, तर दुसऱ्या कोणाचा तरी असेल, ज्याला तुम्ही एका शब्दाने विचारलं नव्हतं. त्याचं दार शोधा, जा, आणि कुठे उभं राहून किती मोठ्याने सांगायचं ते त्यालाच ठरवू द्या. आज जा. प्रार्थनेला त्यानंतर बसा.